ट्रकचा गिअरबॉक्स बांधताना कोणता भाग कुठून घ्यावा

सेक्टर २ हा भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या वसाहतीचा भाग. इथं क्वार्टरं, शाळा, बाजार सगळं आहे. ट्रकचं काम मात्र वसाहतीबाहेर चालतं. जीई रोड, पॉवर हाऊस, नंदिनी रोड, खुर्सीपार आणि हथखोजचं ट्रान्सपोर्ट नगर हा त्याचा पट्टा. नागपूरहून राजनांदगाव, दुर्गमार्गे रायपूरला जाणारा जुना राष्ट्रीय महामार्ग ६, आताचा ५३, याच गावातून जातो. विदर्भातून येऊन इथं स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी काहींची एखाद-दुसरी गाडी या रस्त्यावर धावते. अशा घरात गिअरबॉक्स खोलायची वेळ आली की पहिली चिंता पैशाची असते. त्यानंतर दुकानाच्या काउंटरवरचा प्रश्न येतो: "ओरिजिनल दूँ, कि लोकल?"

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर दिलं की पैसे गेलेच म्हणून समजा. सगळंच ओरिजिनल घेतलं तर काही भागांवर विनाकारण खर्च होतो. सगळंच लोकल घेतलं तर थोड्याच महिन्यांत बॉक्स पुन्हा खाली उतरतो. प्रत्येक भागाचा निर्णय वेगळा करावा लागतो. त्यासाठी मी एकच कसोटी लावतो: हा भाग गेला तर आपल्यासोबत आणखी काय काय घेऊन जाईल? जो जास्त घेऊन जाईल तिथं हात आखडायचा नाही, मग त्याची स्वतःची किंमत दोनशे रुपये असो की वीस हजार.

इथल्या गाड्यांवर पडणारा ताण

सोव्हिएत संघाशी १९५५ साली करार झाला आणि १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून या गावात जड मालाची ये-जा थांबलेली नाही. प्लेट, सळई, वायर रॉड, स्लॅग, सिमेंट, राख असा माल. हा माल गिअरबॉक्सला हायवेवर धावताना फारसा त्रास देत नाही. खरी झीज होते ती गेटवरच्या रांगेत: पूर्ण भरलेली गाडी दहा पावलं पुढे, पुन्हा थांब, पुन्हा पहिला गिअर. म्हणून इथल्या बॉक्समध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरची जोडी, काउंटर शाफ्टच्या मागच्या बाजूचं बेअरिंग आणि खालच्या गिअरांच्या सिंक्रो रिंगा आधी थकलेल्या सापडतात. त्यात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि बारीक धूळ ब्रीदरच्या भोकात जाऊन बसते. भागांची यादी करताना हा ताण डोळ्यांसमोर हवा. नुसती लांब पल्ल्यावर धावणारी गाडी आणि कारखान्याच्या फेऱ्या करणारी गाडी यांची यादी एक नसते.

खरेदीआधी जुना बॉक्स वाचा

बॉक्स खोलण्याआधी भाग विकत आणणं ही सर्रास होणारी चूक आहे. मिस्त्री टेस्ट घेतो, "दुसरा गिअर गेला" म्हणतो आणि मालक दुकानात धावतो. बॉक्स उघडल्यावर कळतं की गिअर ठीक होता, त्याला धरून ठेवणारं काहीतरी गेलं होतं.

खोलण्याआधी आवाज ऐकून बरंच कळतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर संशय इनपुट शाफ्टच्या किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगवर. एकाच गिअरमध्ये आवाज येतो तर ती जोडी तपासायची. टॉप गिअर डायरेक्ट असलेल्या बॉक्समध्ये खालच्या सगळ्या गिअरांत आवाज आणि टॉपला शांतता असेल, तर काउंटर शाफ्टकडे बघायचं, कारण डायरेक्टमध्ये भार त्याच्यावरून जातच नाही.

गिअर उडत असेल, म्हणजे भार पडताच लिव्हर आपोआप न्यूट्रलला येत असेल, तर कारणं निदान पाच असू शकतात. स्लीव्हच्या आतले किंवा गिअरच्या बाजूचे छोटे दात गोलावलेले, सिलेक्टर फोर्कचे टोक घासलेले, डेटेंटची स्प्रिंग बसलेली, मेन शाफ्टला पुढे-मागे खेळ आलेला, किंवा इंजिन आणि बॉक्सची माउंटिंग ढिली. यातलं पाचवं तर बॉक्स न खोलताच दुरुस्त होतं. गिअर बदलताना करकर होत असेल तर आधी क्लच पूर्ण सुटतो का ते पाहावं. अर्धवट सुटणारा क्लच नवीन सिंक्रो रिंगा खाऊन टाकतो आणि शिव्या रिंगा विकणाऱ्याला बसतात.

बॉक्स उघडला की धुण्याआधी तळाचं तेल स्वच्छ ट्रेमध्ये गाळून घ्या. पिवळी चमक म्हणजे पितळेच्या रिंगांची झीज, पोलादाचे पापुद्रे म्हणजे बेअरिंग किंवा दाताचा वरचा थर सुटतोय, निळसर करपलेला शाफ्ट म्हणजे तेल पोचलं नाही. हा शेवटचा प्रकार एका खास कारणानंही होतो. बंद पडलेली गाडी प्रोपेलर शाफ्ट न काढता लांबवर ओढून आणली की मागची चाकं मेन शाफ्ट फिरवत राहतात, पण इंजिन बंद असल्यामुळे काउंटर शाफ्ट फिरत नाही आणि तेल वर उडत नाही. आतली नीडल बेअरिंगं कोरडी जळतात. हे कारण सापडलं नाही तर उत्तमातला उत्तम भागही पुढच्या वेळी तसाच जळेल.

बॉक्स कोणता, हे आधी पक्कं करा

"टाटाचा पाच गिअरवाला" एवढ्या वर्णनावर भाग मागू नये. केसिंगवरची पट्टी, तिच्यावरचा मॉडेल आणि क्रमांक, गाडीचा चासी नंबर या तीन गोष्टी लिहून दुकानात जावं. बाहेरून जुळ्यासारखे दिसणारे दोन बॉक्स आत वेगळे असतात: इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनची संख्या, गिअरच्या दातांची संख्या, दातांचा तिरकेपणा. जुन्या गिअरचे दात मोजा, नवीन गिअरचे काउंटरवरच मोजा. एका दाताचा फरक असेल तर जोडी जुळणार नाही. कशीबशी फिरली तरी रडत फिरेल.

जुन्या टाटा बॉक्सचं एक बरं आहे. टेल्कोनं १९५४ साली डाइम्लर-बेंझशी सहकार्य करून ट्रक बांधायला सुरुवात केली, ते सहकार्य १९६९ पर्यंत चाललं, आणि त्यातून आलेली रचना पुढे इतकी वर्षं रस्त्यावर राहिली की तिचे भाग बनवणारे, ओळखणारे आणि दुरुस्त करणारे गावोगाव तयार झाले. जीबीएस-४० सारख्या पाच गिअरी बॉक्सला प्रत्येक भागासाठी तीन-चार पर्याय मिळतात. नऊ गिअरांच्या नव्या बॉक्सचं तसं नाही. टाटाचा जी-११५०, भारतबेंझचा जी-१३१, लेलँडमध्ये येणारा झेडएफचा ९एस मालिकेतला बॉक्स, यांच्यासाठी बाजारात चांगले पर्याय कमी आहेत, म्हणून तिथं कंपनीच्या मालाकडे झुकणंच शहाणपणाचं. या बॉक्सच्या मागच्या भागात हाय-लो बदलणारा प्लॅनेटरी गट असतो आणि तो बहुधा हवेच्या दाबावर चालतो. हाय-लो लागत नसेल तर आधी हवेची नळी, व्हॉल्व्ह, सिलिंडरची ओ-रिंग आणि टाकीतलं पाणी तपासा. कितीतरी वेळा दोष शंभर रुपयांच्या रबरात असतो.

बाजारातल्या मालाची जात

दुकानात "ओरिजिनल" हा शब्द निदान तीन अर्थांनी फिरतो. पहिला, गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला माल: टाटा जेन्युइन पार्ट्स, अशोक लेलँडचे लेपार्ट्स वगैरे. दुसरा, कंपनीला भाग पुरवणाऱ्या कारखान्याचा स्वतःच्या नावाच्या खोक्यातला माल. तिसरा, कंपनीला न पुरवणारा पण नाव असलेला आणि जबाबदारी घेणारा कारखाना. हे तिन्ही आपापल्या जागी चालतात. त्याखाली बिननावाचा लोकल माल आणि सगळ्यात वाईट म्हणजे डुप्लिकेट, दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारलेला. लोकल माल निदान खोटं बोलत नाही. डुप्लिकेट मात्र ओरिजिनलच्या किमतीत विकला जातो आणि भरवशावर भार टाकल्यावर दगा देतो.

दुसऱ्या प्रकारात पैसे वाचतात आणि दर्जा राहतो, विशेषतः बेअरिंगच्या बाबतीत. गिअरमध्येही नावाजलेले कारखाने आपल्याच देशात आहेत: मुंब्र्याचे भारत गिअर्स, मध्य प्रदेशातल्या देवासचे गजरा गिअर्स. नागपूर इथून अडीचशे किलोमीटरांहून थोडं जास्त, रायपूर तर शेजारीच. तेव्हा "इथं मिळत नाही" म्हणून मिळेल ते घेण्याची गरज नाही. एक दिवस गाडी जास्त उभी राहील, राहू द्या.

बेअरिंग: आकडे पाहूनच घ्या

बेअरिंग हा भाग सोबत सगळं घेऊन जाणारा. काउंटर शाफ्टचं बेअरिंग ढिलं झालं की शाफ्ट मधल्या मध्ये सरकतो, दातांची पकड टोकावर येते, दात तुटतो आणि तो तुकडा फिरता फिरता बाकीच्यांचे दात पाडतो. इथं तडजोड नको.

सुदैवानं बेअरिंग हाच असा भाग आहे की ज्याचं नाव जगभर एकच असतं. समजा जुन्या बेअरिंगच्या कडेला ६३०८ एनआर सी३ असं कोरलंय. शेवटचे दोन आकडे ०८, त्याला पाचानं गुणा: आतलं भोक ४० मिलिमीटर. ६३ ही मालिका म्हणजे खोल खाचेचं, एका ओळीच्या गोळ्यांचं, मध्यम जड बेअरिंग. बाहेरचा व्यास ९०, जाडी २३. एनआर म्हणजे बाहेरच्या कड्याला खाच आणि त्यात स्नॅप रिंग, जी बेअरिंगला केसिंगमध्ये जागेवर धरते. सी३ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. दुकानदार ६३०८ काढून देतो, त्यावर सी३ नसतं आणि "एकच आहे" असं ऐकवतो. एकच नाही. बॉक्स तापला, आतलं कडं शाफ्टवर घट्ट बसल्यानं फुगलं, की साध्या मोकळिकीच्या बेअरिंगमध्ये गोळ्यांना जागा उरत नाही. ते आवळून तापतं आणि मरतं. तसंच गोळ्या धरणाऱ्या पिंजऱ्याचं. जुन्यात पितळेचा किंवा पोलादाचा पिंजरा असेल तर पुस्तकात बघितल्याशिवाय प्लास्टिकचा घालू नये.

कंपनीच्या खोक्याचा हट्ट इथं नको. चिंचवडचं एसकेएफ, जयपूरचं एनबीसी, जमशेदपूरचं टिमकेन, वडोदऱ्याचं शेफलर म्हणजे जुनं एफएजी, यांतलं कुठलंही, आकडे तंतोतंत जुळत असतील तर घ्या. पण घ्यायचं अधिकृत विक्रेत्याकडूनच, कारण गाड्यांच्या भागांमध्ये नकली मालाचा मोठा सुळसुळाट बेअरिंगमध्येच आहे. मोठ्या कंपन्यांच्या खोक्यावर चौकोनी कोड असतो आणि तो तपासायला मोबाइलवर ॲप मिळतं. एसकेएफचं स्वतःचं आहे, कंपन्यांच्या जागतिक संघटनेचंही आहे. काउंटरवर उभ्याउभ्या तपासा. चांगला दुकानदार रागावत नाही.

टेपर रोलर बेअरिंग नेहमी जोडीनं बदलायचं, आतला कोन आणि बाहेरचा कप एकाच खोक्यातले. जुना कप केसिंगमधून काढायला त्रास होतो म्हणून तोच ठेवायचा आणि नवा कोन घालायचा, हा आळस महागात पडतो. आणि बसवताना हातोडा नको, गॅसची ज्योतही नको. तेलाच्या भांड्यात किंवा इंडक्शन हीटरवर साधारण ११० अंशांपर्यंत तापवलेलं बेअरिंग हातानं शाफ्टवर सरकतं. जास्त तापलं की पोलादाची कठिणता उतरू लागते.

गिअर आणि शाफ्ट

गिअरच्या दाताला एकाच वेळी दोन परस्परविरोधी गुण लागतात: वरून काचेसारखा कठीण, आतून चिवट. त्यासाठी मँगनीज-क्रोमियमसारखं कमी कार्बनचं मिश्रपोलाद घेऊन नऊशे अंशांच्या वर त्याच्या पृष्ठभागात कार्बन मुरवतात, मग विझवतात. चांगल्या ट्रक गिअरची वरची कठिणता ५८ ते ६२ रॉकवेल असते आणि कठीण थर मिलिमीटरच्या आसपास जाड. गाभा बराच मऊ राहतो, म्हणून धक्का बसला तरी दात मोडत नाही. लोकल मालात दोन गोष्टी होतात. एकतर कार्बन मुरवायचा वेळ वाचवतात, थर पातळ राहतो आणि काही महिन्यांत दातावर खड्डे पडून तो सोलवटतो. नाहीतर दात आरपार कठीण होतो आणि भरल्या गाडीनं चढावर क्लच सोडताच कट्कन तुटतो.

भिलाईकरांना इथं एक फायदा आहे जो दुसऱ्या गावात सहसा नाही. इथल्या घराघरांत पोलाद कळणारा कुणीतरी आहे, आणि औद्योगिक वसाहतीतल्या यंत्रशाळांत कठिणता मोजण्याचं यंत्र सापडतं. महागाचा गिअर घेताना "तपासून घेईन, कमी भरला तर परत" असं बिलावर लिहून घ्या आणि खरंच तपासा. यंत्र नसेल तर नवी, धारदार कानस दाताच्या कामात न येणाऱ्या कडेवर हलकेच ओढून बघा. ती निसटली पाहिजे. कानस धरली आणि कीस पडला तर गिअर तिथंच ठेवून निघा.

गिअर जोडीनंच बदलावेत. मेन शाफ्टवरचा गिअर आणि काउंटर शाफ्टवरचा त्याचा जोडीदार एकमेकांवर घासून एकमेकांना जुळलेले असतात. नव्याला जुन्यासोबत घातलं तर आवाज येतो आणि नवा लवकर जुना होतो. काही काउंटर शाफ्टवर खालच्या गिअरांचे दात शाफ्टमध्येच कोरलेले असतात, तिथं एक दात तुटला तरी पूर्ण शाफ्ट बदलावा लागतो. याच वेळी "वेल्डिंग भरून दात काढून देतो" म्हणणारा कुणीतरी भेटतो. तुटलेल्या दातावर वेल्डिंग केलं की शेजारच्या दातांचाही कठीण थर जातो. असा गिअर गाडीला लावणं म्हणजे चालकाला घाटात वाऱ्यावर सोडणं. हे मी कुणालाही करू देणार नाही.

सिंक्रो रिंग, हब आणि स्लीव्ह

माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी इथं घ्यावी, कारण हे भाग दिसायला साधे आणि नक्कल करायला सोपे आहेत, पण काम फार बारीक करतात.

गिअर बदलताना स्लीव्ह सरकते, ती सिंक्रो रिंगला गिअरच्या कोनावर दाबते. रिंगच्या आतल्या बाजूला बारीक आटे असतात. ते कोनावरचा तेलाचा पडदा कापतात, घर्षण होतं, दोघांचा वेग एक होतो, आणि मगच स्लीव्ह पुढे जाऊन गिअरचे छोटे दात पकडते. आटे झिजून सपाट झाले की तेल कापलं जात नाही, रिंग घसरते आणि दातावर दात आपटतो. चालक म्हणतो, "गिअर घासतोय."

नवीन रिंग दुकानात अशी तपासा. जुना गिअर सोबत न्या. कोन आणि रिंग कोरडी पुसा, त्यावर तेलाचे दोन थेंब लावा. रिंग कोनावर ठेवून तळहातानं दाबा आणि फिरवायचा प्रयत्न करा. चांगली रिंग लगेच धरते, आणि सोडताना हलक्या झटक्यानं सुटते. गुळगुळीत फिरत राहिली तर आटे किंवा कोनाचा उतार चुकलाय. सुटतच नसेल तरी ती नको, गाडीतही ती तशीच अडकेल. नंतर रिंगेची कड आणि गिअरचे छोटे दात यांच्यातली फट फीलर गेजनं तीन-चार जागी मोजा. नव्याला ही फट बहुतेक बॉक्समध्ये एक मिलिमीटरच्या वर असते. किमान किती चालेल हे त्या बॉक्सच्या पुस्तकात असतं. फट सगळीकडे सारखी नसेल तर रिंग वाकडी आहे. शेवटी अंगठ्याचं नख आट्यांवरून आडवं ओढा, प्रत्येक आटा नखाला जाणवला पाहिजे.

रिंग कशाची, हेही पाहावं लागतं. जुन्या बॉक्समध्ये पितळेची असते, नव्यांत पोलादी रिंगेवर मॉलिब्डेनमचा किंवा कार्बनचा थर असतो. दोन्ही चांगल्या, पण एकीच्या जागी दुसरी नाही. समोरच्या कोनाचा पृष्ठभाग त्या त्या रिंगेसाठी घासलेला असतो. कोनावरच निळे डाग किंवा चरे असतील तर नवी रिंग घालून काही साधत नाही, गिअर किंवा वेगळा असेल तर कोन बदलावा. हब आणि स्लीव्ह एकमेकांवर बसवून कारखान्यातून येतात. खोलताना खूण करून ठेवा आणि बदलताना दोन्ही सोबत बदला. आतल्या तीन पट्ट्या आणि त्यांच्या स्प्रिंगाही. या गटासाठी मी कंपनीचं खोकं किंवा कंपनीला पुरवणाऱ्याचंच खोकं घ्यायला सांगतो, नऊ गिअरी बॉक्समध्ये तर नक्कीच.

लहान भाग

ओव्हरहॉलच्या यादीत ज्यांच्यापुढे "जुनेच चालतील" असं लिहिलं जातं ते हे: सर्क्लिप, थ्रस्ट वॉशर, डेटेंटच्या गोळ्या-स्प्रिंगा, रोल पिना, चेपून लॉक केलेले नट, ऑइल सील. सगळ्यांची मिळून किंमत एका गिअरपेक्षा कमी. ताण गेलेली एक सर्क्लिप खाचेतून निसटली की अख्खा मेन शाफ्ट सरकतो. म्हणून हे सगळे नवे घ्या. सर्क्लिप आणि शिम वेगवेगळ्या जाडीत मिळतात, त्या अंदाजानं घ्यायच्या नसतात. डायल गेज लावून शाफ्टचा खेळ मोजायचा आणि पुस्तकातल्या आकड्यात बसेल ती जाडी निवडायची.

ऑइल सील घेताना रबर विचारा. साधं नायट्राइल शंभर अंशांच्या आसपास दम तोडतं, व्हिटॉन त्याच्या कितीतरी पुढे टिकतं. मागच्या सीलसाठी, आणि आपल्या उन्हाळ्यासाठी, व्हिटॉन मिळालं तर जास्तीचे पैसे द्यावेत. पण सील वारंवार गळत असेल तर फ्लँजवर बोट फिरवून बघा. सीलच्या ओठानं तिथं खाच पाडली असेल तर कुठलंही सील टिकणार नाही. आणि ब्रीदर साफ करा. तो बुजला की तापलेली हवा आत कोंडते आणि तेलाला सीलमधूनच बाहेर काढते.

केसिंग

बेअरिंगचं बाहेरचं कडं केसिंगमध्ये फिरत राहिलं असेल तर भोक मोठं होतं. त्यात नवं बेअरिंग घालून कडेला सेंटर पंचाचे ठोके मारणं हा उपाय नाही, चार दिवसांची मलमपट्टी आहे. बोअर गेजनं मोजा. मोठं झालं असेल तर चांगल्या मशीनवर दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत धरून स्लीव्ह बसवता येते, आणि हे काम नीट करणाऱ्या यंत्रशाळा भिलाईत आहेत. तडा गेला असेल तर केसिंग बदला.

कबाडातून घ्यायचंच असेल तर ते इथं: केसिंग, वरचं झाकण, सिलेक्टरची दांडी, फ्लँज. मापात असतील तर हे जुने भाग बिनधास्त वापरावेत. बेअरिंग, रिंग, स्लीव्ह, सील कबाडातून कधीच नाही. टाटासारख्या कंपन्या स्वतःच दुरुस्त करून दिलेले पूर्ण बॉक्सही बदल्यात देतात. आतल्या तीन-चार मोठ्या वस्तू गेलेल्या असतील तर सुट्या भागांची बेरीज करून त्या दराशी ताडून बघा. बरेचदा तो सौदा परवडतो आणि वर हमी मिळते.

बिल आणि खोकं

पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे "बिनाबिलाचं स्वस्त पडेल" या आमिषात पूर्वीइतकाही दम उरलेला नाही. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, छापील किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीचा क्रमांक असलाच पाहिजे. बिलावर ब्रँड आणि पार्ट नंबर लिहून घ्या. नुसतं "गिअर सेट १ नग" लिहिलेल्या बिलावर भांडता येत नाही. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. नकली शिक्क्याचा माल विकणं हा व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ खाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड.

मिस्त्रींना आधीच सांगून ठेवा की जुने भाग आणि नव्यांची रिकामी खोकी दोन्ही परत हवीत. यात अविश्वास नाही, चांगले मिस्त्री स्वतःहून देतात. भाग बिलाशी ताडून झाले की खोकी फाडून टाका. चांगल्या ब्रँडची रिकामी खोकी विकली जातात आणि त्यातच पुढचा डुप्लिकेट माल भरला जातो.

तेल आणि पहिली ड्रेन

पितळेच्या रिंगा असलेल्या बॉक्समध्ये पुस्तक जीएल-४ म्हणत असेल तर "जीएल-५ वरच्या दर्जाचं आहे" हे ऐकू नका. जीएल-५ हे डिफरन्शियलसाठी. त्यातली गंधक-फॉस्फरसची मात्रा पितळेला खाऊ शकते. जुन्या टाटा बॉक्सना बहुधा ८०डब्ल्यू-९० जीएल-४ लागतं, झेडएफच्या बॉक्सची त्यांची स्वतःची मान्य तेलांची यादी आहे.

बॉक्स चढवण्याआधी टेबलावरच हातानं फिरवून प्रत्येक गिअर टाकून बघा. गाडीवर चढल्यावर पहिले काही दिवस भार बेतानं घाला आणि हजार-दीड हजार किलोमीटरला तेल काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ लगदा असेल तर नवे भाग एकमेकांशी जुळताहेत. पुसा, नवं तेल भरा, गाडी चालू द्या. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर गाडी तिथंच थांबवा, ते तुकडे कागदात बांधा आणि बिलासोबत दुकानात घेऊन जा.